तेरा वर्षांनी आईचे वय

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरांनी आज मला एकट्याला आत बोलावलं. ही बाहेर बाकावर बसली होती आणि पिशवीतून सुईदोरा काढून माझ्या छत्रीचं निसटलेलं टोक शिवत होती. जिथे जाईल तिथे हिला शिवायला काहीतरी सापडतं.

डॉक्टर म्हणाले, "सर, त्यांच्या पोटातली गाठ यकृतापर्यंत गेलीय. आता बरं होणं नाही. त्रास कमी कसा राहील ते बघायचं."

मी विचारलं, "किती दिवस?"

त्यांनी टेबलावरचं पेन उचलून सरळ ठेवलं. ते आधीच सरळ होतं. म्हणाले, "वर्षभर धरून चला."

बाहेर आल्यावर हिने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणालो, "औषधं लांबणार आहेत. दोनेक वर्षं घ्यावी लागतील, मग ठणठणीत." ही म्हणाली, "बरं." आणि छत्री माझ्या हातात दिली.

घरी बारकीला सांगितलं की उन्हाळ्यापर्यंत आई हिंडूफिरू लागेल. तिनेही "बरं" म्हटलं. मायलेकी एकाच साच्यातल्या.

ही वही हिनेच मागे एकदा उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पुरवण्या मशीनवर शिवून करून दिली होती. इतकी वर्षं कपाटात पडून होती. सत्तावीस वर्षं मी गणित शिकवतोय. 'समजा', 'मानू' केल्याशिवाय माझं वाक्य सुरू होत नाही, म्हणून पोरं मागून मला मानू मास्तर म्हणतात. तर मानू, की बारकीची दहावीची परीक्षा मार्चात संपेपर्यंत घरात कोणाला काही कळता कामा नये. एप्रिलात सुटी लागली की हिला सांगेन. निकाल लागला की बारकीला. वर्ष हातात आहे, घाई करण्यात अर्थ नाही.

मला भीती वाटतेय. हे इथे लिहिलं, बाहेर कुठे बोलणार नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चौथा तास मोकळा आहे. शिक्षकांच्या खोलीत बसून लिहितोय.

आज दहावीला एकसामयिक समीकरणांची शाब्दिक उदाहरणं घेतली. दोन अज्ञात, दोन समीकरणं. नुसती समीकरणं दिली की पोरं धडाधड सोडवतात. तीच गोष्टीत गुंडाळून दिली की चेहरे पडतात. शेळ्या आणि कोंबड्या मिळून डोकी वीस, पाय छप्पन. मागच्या बाकावरच्या एका महाभागाने शेळीला दोन पाय दिले आणि कोंबडीला चार. शेळ्या बारा, कोंबड्या आठ. वर छातीठोकपणे म्हणतो, "सर, ताळा घेतलाय, जुळतो."

जुळणारच. त्याने उत्तर आपल्याच समीकरणात घालून पाहिलं होतं. मी खडू ठेवला आणि पुढची वीस मिनिटं त्यावरच बोललो. म्हटलं, बाळांनो, समीकरण तुम्ही मांडलेलं असतं, ते तुमच्याच बाजूने साक्ष देणार. ताळा घ्यायचा तो गोष्टीत जाऊन घ्या. गोठ्यात जा, पाय मोजा. चौसष्ट भरतील. वर्ग चक्क शांत होता. असे तास वर्षातून दोनदा होतात.

घरी सगळं सुरळीत आहे. काल ही माझ्या एका फालतू विनोदाला हसली, बारकी पोटभर जेवली. म्हणजे दोघींनाही काही कळलेलं नाही. माझा हिशेब बरोबर निघाला.

३ डिसेंबर, बुधवार

बारकीला चाचणीत चाळीसपैकी पस्तीस. गेलेले पाचही मार्क एकाच उदाहरणात गेले, वयाच्या.

हे उदाहरण मीच घातलं होतं आणि खास तिच्यासाठी घातलं होतं. घरातली खरी वयं घेतली. बारकीला पंधरा पूर्ण, हिला त्रेचाळीस. 'आईचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा दोनने कमी आहे. तेरा वर्षांनी आईचे वय मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघींची आजची वयं काढा.' छप्पन आणि अठ्ठावीस, चोख बसतं. मला वाटलं होतं, उत्तर निघालं की ती चमकून बघेल, "अय्या, हे तर आपणच."

तिने काय केलं, तर तेरा वर्षं फक्त मुलीच्या वयात मिळवली. आईचं वय होतं तसंच ठेवलं. उत्तर आलं मुलगी अठ्ठावीस, आई ब्याऐंशी. मी म्हटलं, "वा. चोपन्नाव्या वर्षी बाळंतपण. पेपरात नाव येईल त्या बाईचं."

एरवी ती उलट उत्तर देते. आज म्हणाली, "बाबा, तेरा वर्षांनी ना?"

"हो, मग?"

"काही नाही."

ही चूक जुनीच आहे, दरवर्षी निम्मा वर्ग करतो. पण गणिताच्या मास्तराच्या पोरीने करावी? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बारकीला पुन्हा बसवलं. तेच उदाहरण, आकडे बदलून. पुन्हा तीच चूक. वहीत 'आई + ९' असं पेन्सिलीने लिहून खोडलेलं दिसलं, परत लिहून परत खोडलेलं. खोडून खोडून कागदाला भोक पडलंय.

शेवटी मी खडू घेतला आणि ही निजते त्या खोलीच्या दारामागे दोन रेघा काढल्या. एका वर्षाला एक सेंटिमीटर. वरची आईची, त्रेचाळीस. खालची मुलीची, पंधरा. मग दोन्ही रेघा तेरा-तेराने पुढे ओढल्या. म्हटलं, "काळ कोणाला सोडतो का? तुझं वर्ष सरलं म्हणजे आईचंही सरलंच ना? दोघींचं वय सारखंच वाढणार."

ही पलंगावरून बघत होती. म्हणाली, "माझी रेघ फार लांब काढलीत."

मी म्हटलं, "प्रमाणात आहे. मोजून बघ."

ही हसली. मग म्हणाली, "राहू द्या ना ते एक उदाहरण. बाकी सगळं येतंय तिला." हिचा हा मऊपणाच पोरीला नडतो. एक उदाहरण म्हणजे पाच मार्क. पाच मार्कांवर पोरांचे प्रवेश हुकलेले मी पाहिलेत.

ता. क. दुसऱ्या दिवशी बघतो तर वरच्या रेघेचा पुढचा भाग पुसलेला. त्रेचाळीसपर्यंत शाबूत आणि पुढे काही नाही. दार उघडता-मिटता कोणाचा तरी हात लागला असणार.

५ जानेवारी, सोमवार

गंमतच आहे. ही आता गणितं घालायला लागली आहे.

जिला शाळेत गणितात कायम काठावर मार्क, ती पडल्या पडल्या बारकीच्या वहीत शाब्दिक उदाहरणं लिहिते. मला आज वही तपासताना सापडलं. हिचं ते तिरकं अक्षर, वाण्याच्या यादीसारखं:

'एका घरात रोजची बावीस कामे आहेत. ती बाप आणि मुलगी मिळून करतात. मुलीचा अभ्यास असल्यामुळे बापाने चार कामे जास्त करायची. तर प्रत्येकाने किती कामे करावीत?'

बारकीने सोडवलंय. बाप तेरा, मुलगी नऊ. खाली दोघींनी कामांची यादीही केलीय. दूध तापवणं, सकाळी नळाचं पाणी भरणं, औषधाच्या कपाटाची किल्ली जाग्यावर ठेवणं, शनिवारी चादरी बदलणं. कोणतं कोणाचं, खुणा करून वाटलेलं. इस्त्री माझ्याकडे आलीय.

मी लाल पेनाने बाजूला लिहिलं, 'उदाहरण बरे आहे. पण घरात तिसरे माणूस आहे, त्याने काय नुसते बसून खायचे?' आणि हिला वाचून दाखवलं. ही इतकी हसली की खोकला लागला. बारकी पाणी आणायला म्हणून गेली ती बराच वेळ आलीच नाही, शेवटी मीच उठून आणलं.

हिचा उत्साह पाहून बरं वाटलं. वर्षभर म्हणजे काही कमी नसतं.

१७ जानेवारी, शनिवार

सध्या मी चार वाजता शाळेतून येतो तेव्हा ही उशीला टेकून उठून बसलेली असते. केस नीट बांधलेले, तोंड धुतलेलं. दिवसभर निजून असते म्हणे, पण चारला अगदी ताजीतवानी. याला सुधारणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मी रोज म्हणतो, "आज छान दिसतेस." ही माझ्याकडे बघत राहते. मग मी चहा टाकतो आणि शाळेतल्या गोष्टी सांगतो. विषय पडू देत नाही. पडला की भलतंच काहीतरी तोंडातून निघेल अशी धास्ती वाटते.

आज हिचं नवं उदाहरण. 'मुलीचे दोन सदरे आणि बापाचा एक, मिळून साडेसहा मीटर कापड लागते. मुलीचा एक आणि बापाचे दोन, मिळून सात मीटर. तर प्रत्येकी किती?' मुलीला दोन मीटर, बापाला अडीच. गणित म्हणून नेटकं आहे. दोन्ही समीकरणांची बेरीज केली की लगेच सुटतं, हे हिला कोणी शिकवलं कोण जाणे. बारकी शाळेतून आली की मशीनवर बसते आणि ही पलंगावरून सांगते, कात्री अशी धर, शिवण इथून सोड, पुढे उंची वाढेल म्हणून खाली चार बोटं दुमडून ठेव. मी म्हटलं, "परीक्षा दोन महिन्यांवर आणि शिवणकाम कसलं काढलंत?" ही म्हणाली, "अर्धा तासच हो. डोकं मोकळं होतं तिचं."

चित्रकलेच्या बाईंना मी सगळं सांगितलंय. शाळेत त्यांना एकट्यांना. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. आज रंगाच्या वाट्या धुता धुता म्हणाल्या, "सर, घरी बोलून टाका. बोलायचं राहून जातं हो."

मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे वेळापत्रक आहे."

त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही होतं."

मला राग आला. सगळ्यांची घरं सारखी नसतात.

२९ जानेवारी, गुरुवार

आज थोडक्यात वाचलो.

चारला आलो. बारकी घरी नव्हती. ही बसलेली. मी चहा घेऊन आलो तर म्हणाली, "जरा इथे बसा." बसलो. हिने माझा हात हातात घेतला. हाताची हाडं लागली मला. म्हणाली, "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

एप्रिलसाठी मी वाक्य तयार ठेवलंय. रोज रस्त्याने येताना मनात म्हणतो. 'हे बघ, डॉक्टरांनी मला नोव्हेंबरातच सांगितलं होतं, मी तुझ्यापासून लपवलं, मला माफ कर.' एवढंच आहे. जिभेच्या टोकापर्यंत आलं. मग वाटलं, आत्ता सांगितलं तर ही रडेल, बारकी येईल, बारकी विचारेल, सहा आठवड्यांवर परीक्षा. सगळं मुसळ केरात.

मी म्हणालो, "हो. बारकीला आज बीजगणितात पैकीच्या पैकी. वयाचं उदाहरण नव्हतं म्हणून."

 ही म्हणाली, "हुशार आहे आपली पोर." हात काढून घेतला नाही, पण नुसता ठेवला.

खरं लिहायचं तर परीक्षा हे निम्मं कारण आहे. उरलेलं निम्मं मी. हिला रडताना मी दोनदाच पाहिलंय आणि दोन्ही वेळा मला काय करावं ते कळलं नव्हतं. मी भित्रा माणूस आहे. सबंध गाव मला कडक समजतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हिचं वजन बेचाळीस किलो. मी काट्याला दोष दिला.

आज नववीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण लिहिता लिहिता थांबलो. काय लिहीत होतो तेच आठवेना. पोरं वाट बघत होती. 'तोंड धुऊन येतो' म्हणून बाहेर पडलो ते प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तिथे रडलो. काचेच्या बरण्या, मोडके स्टँड आणि मी. शिपाईदादा आत आला, मला बघून दार लोटून निघून गेला.

सकाळी उठवत नाही. उठलो की पहिला विचार तोच. कपडे घालताना तोच. वर्षातले अडीच महिने संपले. साडेनऊ उरले. मी रोज एक वजा करतो आणि एवढंच गणित मला आता येतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे घडलं ते लिहायची लाज वाटते. तरी लिहितो.

सराव परीक्षेचा पेपर आला. बारकीचं सगळं बरोबर. प्रवाहातली होडी बरोबर, दोन अंकी संख्या बरोबर, आगगाडीचं बरोबर. वयाचं चुकलं. तसंच, जसंच्या तसं. मुलीच्या वयात आठ मिळवलेले, आईच्या वयात काही नाही.

मी वही टेबलावर आपटली. म्हटलं, "तीन महिने तुला सांगतोय, दोघींची वयं वाढतात. डोक्यात शिरत कसं नाही? आई मेली का तुझी, तिचं वय वाढायचं थांबायला?"

तोंडातून गेलं आणि मग माझ्या कानावर पडलं.

बारकी हलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आजारी माणसाकडे बघतात तसं बघत होती, ते का, मला अजून समजलेलं नाही.  मग आतल्या खोलीतून हिचा आवाज आला, "बारकी, पाणी आण गं मला." बारकी उठून गेली. आत दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मी टेबलाशी उभाच.

थोड्या वेळाने बारकी बाहेर आली, पेन्सिल घेतली आणि म्हणाली, "द्या बाबा, परत करते." परत केलं. आठ आणि आठ, दोन्हीकडे. बरोबर. वही माझ्यापुढे सरकवली आणि स्वयंपाकघरात गेली.

नशीब एवढंच, की दोघींना त्या वाक्याचा खरा अर्थ कळला नाही. त्यांच्या लेखी मास्तर चिडला, एवढंच. माझ्या जिभेला हाड नाही. मला माझीच किळस आली आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ही आता फार झोपते. चार वाजता मात्र जागी असते. बोलते कमी. डॉक्टर घरी येऊन गेले, दुखण्याचं औषध वाढवलं. मी दाराशी विचारलं, "असं अधूनमधून होणारच ना?" ते म्हणाले, "सर, घरात सगळ्यांशी बोलून घ्या." हल्ली जो तो मला तेच सांगतो.

आज हिने विचारलं, "परीक्षा कधी संपते?"

"वीस मार्चला."

"लांब आहे हो."

"कसलं लांब. बघता बघता जाईल. मग आपल्याला निवांत वेळच वेळ."

ही म्हणाली, "हं." मग माझ्या सदऱ्याचं बटण बघितलं, ओढून पाहिलं आणि म्हणाली, "हे बारकीकडून लावून घ्या. तिला येतं आता."

मी पंचांग बघणारा माणूस नाही, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर वीस मार्चला पेन्सिलीने बारीक टिंब केलंय. एकवीसला सांगून टाकेन. एप्रिलची वाट बघणार नाही. एवढं पुढे आणलं तरी पुरे.

४ मार्च, बुधवार

दवाखान्यातून लिहितोय. वही पिशवीत कशी आली आठवत नाही.

काल सकाळी हिला उठवायला गेलो तर उठेना. डोळे अर्धवट उघडे, ओळख नाही. इथे आणलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेरच्या बाकावर घेऊन बसले, त्याच बाकावर. म्हणाले, "आता एक-दोन दिवस."

मी म्हटलं, "तुम्ही वर्ष म्हणाला होतात. नोव्हेंबर ते नोव्हेंबर. साडेतीन महिनेच झालेत." मी त्यांच्याशी आकड्यांवरून भांडत होतो. माझा आवाज चढला होता.

ते म्हणाले, "सर, ते मी त्यांच्या सांगण्यावरून म्हटलं होतं. मी तसं म्हणायला नको होतं. त्या तुमच्या आधी एकट्या येऊन गेल्या होत्या. रिपोर्ट त्यांनी स्वतः वाचला, मला विचारलं, मी सांगितलं. तीन-चार महिने. मला म्हणाल्या, ह्यांना एकदम एवढं कमी सांगू नका, मुलीचं वर्ष आहे, ते कोलमडतील. पुढे त्यांना कळेलच, ते माझ्याशी बोलतील."

मी विचारलं, "मुलीला माहीत आहे?"

ते म्हणाले, "हो. मला वाटलं, एव्हाना तुमचं घरात बोलणं झालं असेल."

मी आत गेलो. बारकी हिच्या पायांशी बसली होती, पाय चेपत. मी खुर्ची उशीजवळ ओढली आणि हिच्या कानाशी ते तयार वाक्य म्हटलं. नोव्हेंबरात सांगितलं होतं, लपवलं, माफ कर. पुन्हा म्हटलं. जरा मोठ्याने म्हटलं. हिचा श्वास चालू होता तसाच चालू राहिला. बारकी पाय चेपत राहिली. मी आणखी किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही.

७ मार्च, शनिवार

काल सकाळी साडेदहाला ही गेली.

११ मार्च, बुधवार

आज बारकीचा गणिताचा पेपर होता. मी म्हटलं होतं, देऊ नकोस, पुढच्या वेळी बसू. ती म्हणाली, "देते." मी तिला केंद्रापर्यंत सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या झाडाखाली उभा राहिलो. ओळखीचे पालक भेटले, मान हलवून पुढे गेले.

घरी आल्यावर मी चहा टाकला. ती आईच्या पलंगावर बसली. गादी गुंडाळलेली आहे, नुसत्या फळीवर. मला पेपराबद्दल विचारायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचेना.

"कसा गेला?"

"बरा. एक सोडलं."

"कुठलं?"

"वयाचं."

मी चहाचा कप तिच्यापुढे धरला.

ती म्हणाली, "येत होतं मला, बाबा. पहिल्यापासून येत होतं. हात चालायचा नाही."

मी म्हटलं, "सोडलंस ते ठीक केलंस." पाच मार्कांबद्दल आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणालो. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"नोव्हेंबरात. आईनेच सांगितलं. तुम्ही डॉक्टरांना भेटलात ना, त्याच्या दोन दिवस आधी."

"मग मला का नाही बोललात? तुम्ही दोघी बोलत होतात, मीच तेवढा..."

ती कप हातात धरून बसली होती, पीत नव्हती. म्हणाली, "मी आईला म्हणत होते, बाबांना सांगू या. त्या दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडलात तेव्हा तर मी म्हटलं, आत्ता जाऊन सांगते. ती म्हणाली, नको. आपण सांगितलं तर त्यांना वाटेल, आपण त्यांना पकडलं. त्यांचं त्यांना बोलू दे. ते बोलले की मग मला त्यांच्यापुढे रडता येईल, असं म्हणाली. रोज वाट बघायची. साडेतीनला मी शाळेतून आले की मला उशा लावायला सांगायची, केस विंचरून घ्यायची. त्याआधीचं दुखण्याचं औषध घ्यायची नाही, झोप येते म्हणून. म्हणायची, आज बोलतील."

चहावर साय धरली होती. मी विचारलं, "कधीपर्यंत?"

"सोमवारपर्यंत. तिने कळ काढली सोमवारी. तुम्ही आलात, छान दिसतेस म्हणालात, चहा प्यायलात आणि नववीचे पेपर घेऊन गॅलरीत बसलात. मग ती म्हणाली, दे गं आता औषध. आणि झोपली."

बारकी उठून कप विसळायला गेली. मी ही वही काढून सोमवार शोधला. अठ्ठावीस फेब्रुवारीचा शनिवार आहे आणि त्याच्यानंतर एकदम चार मार्चचा बुधवार. सोमवारी मी काहीच लिहिलेलं नाही. लिहिण्यासारखं काही घडलं नसणार.